तू सांगितलेला सिनेमा

आई, आज दुपारी तुझी ती नटी पुन्हा टीव्हीवर आली होती. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांचं ते चॅनल इथे अमेरिकेत, हर्नडनला अजून लागतं. तू आलीस त्या उन्हाळ्यात मी ऑफिसला जायचे आणि दिवसभर तुला सोबत तिचीच. इंग्रजीचा गंध नसताना तिची अख्खी कारकीर्द तू जुळवलीस. चॅनलवाले सिनेमे उलटसुलट दाखवायचे, आज म्हातारी तर उद्या नाचणारी पोरगी. "मानेकडे बघावं गं. चेहऱ्याला रंग फासता येतो, मानेला नाही," म्हणत तू त्यांचा क्रम लावायचीस. आधी घोळक्यातली, मग नायिका, मग नायिकेची मोठी बहीण, शेवटी दोन सीनपुरती आजी. "बाईला कामं मिळेनाशी झाली," हे तू पोळ्या लाटताना असं सांगितलंस, की मला वाटलं शेजारणीचं चाललंय.

संध्याकाळी जेवताना तू मला त्या दिवसाचा सिनेमा सांगायचीस. मला हसू यायचं, कारण तुझ्या प्रत्येक गोष्टीत कुठून तरी एक लेक यायचीच. तिचा शेवटचा सिनेमा लागला तेव्हा तुझा व्हिसा संपत आला होता. "म्हातारी लेकीच्या दारात येते. लेक म्हणते, आता कुठे जायचं नाही. मग ती बॅग खाली ठेवते." एवढं सांगून तू ताटं उचललीस. पुढच्या आठवड्यात नागपूरला परतलीस, आणि त्याच थंडीत तिथे एकटी असतानाच वारलीस.

आज तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला. त्यात लेक नाहीच गं. ते एक लॉज आहे, आणि दारातली तरुण मालकीण खोली नाही म्हणून सांगते. म्हातारी बॅग खाली ठेवते ती फक्त हात बदलायला, मग उचलून चालू लागते. भाषा कळत नव्हती, पण तिला जाताना तर तू पाहिलंच असशील. मग इतकं आडून कशाला बोललीस? सरळ विचारायचंस, राहू का म्हणून. मला तुझा भयंकर राग आला, आणि भांडायला तू नाहीस म्हणून रडू फुटलं.

तू न पाहिलेली तुझी नात धावत आली. "मम्मा, व्हाय आर यू क्रायिंग? ती आजी कुठे गेली?"

"तिच्या मुलीकडे," मी म्हटलं.

"ओके," म्हणून ती खेळायला गेली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तू खरंच विचारलं असतंस, तर मी राहा म्हणाले असते की व्हिसाचं कारण पुढे केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.