गेनू होता याचा पुरावा

मी, अमृत बाबू खाटपे, वय ७६, निवृत्त इतिहास शिक्षक, मूळचा गुंजवण्याचा, हल्ली राहणार शिवरे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. अक्षर हलले आहे ते भीतीने. डोके ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. राहते घर मुलगा इंद्रजित याला.

२. वडिलांची जमीन धरणात गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या दोन एकरांपैकी एक इंद्रजितला, एक माझा धाकटा भाऊ कै. गेनू याची मुलगी स्नेहल हिला. इंद्रजित म्हणतो, "कोण गेनू? कागदावर दाखवा." वडील गेले तेव्हा गेनू ऊसतोडीला गेला होता. वारस नोंदीच्या वेळी "मी एकटाच" असे तलाठ्याला मीच सांगितले. कळल्यावर तो परत आलाच नाही. मला लाज वाटते. माझ्यामागे स्नेहलला हाकलून देतील, या धास्तीने झोप लागत नाही.

३. वर्गात मी विचारायचो, बायबल बाजूला ठेवले तर येशू होता कशावरून? रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांवर खार खाऊन होता, तरी रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिल्याचे लिहून गेला. ज्यू इतिहासकार जोसेफस याकोबाची ओळख देतो ती 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' अशी. त्याच्याच दुसऱ्या उताऱ्यात भक्तांनी मागाहून भर घातली, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणून आपल्या माणसाची साक्ष जपून घ्यावी. माझी तर घेऊच नये, मी एकदा खोटे बोललो आहे.

४. रखमाजी शिळीमकर यांच्याशी बांधावरून चाळीस वर्षे अबोला. १९६८ साली पोलीस पाटलाकडे दिलेल्या तक्रारीची प्रत त्यांनी अजून जपली होती, माणूसच तसला खुनशी: "अमृतचा भाऊ गेनू याने माझे आंबे चोरले." परवा त्यांच्या दारात गेलो. म्हणाले, "मास्तर, तवा तुमीच म्हनलात, भाऊ न्हाई म्हनून. आता कशाला?" मी रडलो. त्यांनी कागद दिला, चहा विचारला नाही. कागद सोबत जोडला आहे. साक्षीला येतील का, याची धाकधूक आहे.

५. कपाटातली तीन पुस्तके ग्रंथपाल शमीमबाईंची आहेत. परत करावीत, खुणेच्या चिठ्ठ्या काढू नयेत.

ठिकाण: भोर. दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५.
सही: अमृत बाबू खाटपे

आमच्यासमोर सही झाली:
१. शमीम मुजफ्फर शेख, भोर
२. रखमाजी धोंडिबा शिळीमकर, गुंजवणे

(साक्षीदार क्र. २ यांनी स्वतःच्या हाताने लिहिले:) गेनू व्हता. आंबं त्यानंच चोरलं. झाडाखाली झोळी धरून ह्यो थोरला हुबा व्हता.