मिर्सिनीची शिकवणी

३ सप्टेंबर

व्हेपची पितळी नळी घेऊन आलो. सिगारेट सोडायची म्हणून.

खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय — मिर्सिनी व्हेप ओढते म्हणून! ती स्वतः तार गुंडाळून कॉइल बनवते, कापूस भरते, आणि ते करताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरते. दोन वर्षं एका वर्गात बसलो तेव्हा मला हे दिसलं नाही. मी कॉलेज सोडलं, मामाच्या सिपुरोच्या, म्हणजे आमच्या द्राक्षाच्या दारूच्या, अड्ड्यावर ट्रे उचलायला लागलो, ती गिऱ्हाईक म्हणून आली — तेव्हा दिसलं. आता ती अठ्ठावीस तारखेला जर्मनीला, आखेनला चालली, पुढे शिकायला. तेवढ्यात मला तिला एक वाक्य सांगायचंय. एकच. येत नाही तोंडात.

दुकानदार म्हणाला, "नवशिक्यानं चिपवाला डबा घ्यावा. चूक झाली तर तो आपला आपण बंद पडतो."

मी म्हटलं, "मी काय आजीबाई आहे?" आणि सगळ्यात जड नळी उचलली. तिच्यात चिप नाही, काही नाही. इकडे बॅटरी, तिकडे तार, मध्ये अडवणारं कोणी नाही. थोडक्यात, माझाच स्वभाव.

४ सप्टेंबर

छाती फुगवून नळी तिच्या टेबलावर ठेवली. तिचा चेहराच उतरला.

"तोंडाला लावलीस?"

"अजून नाही."

"नशीब! सांग, या तारेतून किती करंट जाईल?"

मी नळीकडे बघितलं.

"आणि ही बॅटरी किती सोसते?"

मी नळी उलटी करून बघितली.

"लाझारे, ज्या विषयाच्या तासाला तू सरांसमोर वही आपटून निघून गेलास ना — तो हाच विषय."

खरंय. व्होल्टेजला ओहमनं भागायचं, बस. एवढ्याशा गोष्टीवरून मी बापाचं स्वप्न मोडलं होतं!

आतून मामा ओरडला, "सरळ सिगारेट ओढ की रे! तिला इंजिनिअरिंग लागत नाही!"

नळी जप्त. मामानं ती लसूण ठेचायला घेतली. वजन छान आहे म्हणे. मिर्सिनीनं तिचा जुना चिपवाला डबा दिला आणि म्हणाली, "आधी नीट शीक. रोज गिऱ्हाईक यायच्या आत येत जाईन."

रोज! आणि मी काय म्हणालो? "बघतो, वेळ मिळाला तर."

वेळ मिळाला तर!! जीभ झडो माझी.

६ सप्टेंबर

तार बारीक दांडीवर गुंडाळायची, दोन टोकं दोन स्क्रूंखाली, उरलेली तार मुळापासून कापायची. कुठलंच टोक बाजूच्या धातूला टेकता कामा नये. मग कापूस भरायच्या आधी डब्याच्या पडद्यावर ओहम बघायचे. आकडा नाचत असेल तर बटणाला हात लावायचा नाही, स्क्रू बघायचा. आकडा स्थिर असेल तर कमी पॉवरवर क्षणभर बटण दाबायचं. कॉइल मध्यापासून कडेकडे अशी सारखी लाल व्हायला हवी. एकच वेढा भडकला तर बटण सोडून चिमट्यानं सारखी करायची. चिमटा चिनी मातीच्या टोकांचा, धातूचा नव्हे.

हे सगळं तिनं सांगितलं. मी ऐकलं. मग लाली गेल्यावर कॉइल थंड झाली असेल म्हणून बोट लावलं.

थंड झालेली नसते.

७ सप्टेंबर

ज्याची वाफ ओढायची तो रस कापसाला न लावताच बटण दाबलं. जळक्या कापसाची जी चव घशात बसते तिला आमच्या भाषेत शब्द नाही. शिव्या आहेत.

९ सप्टेंबर

फजितीचा कळस. लिहून मोकळा होतो.

माझ्या खिशात कायम स्टीलचं कोंबोलोई असतं, साखळीत ओवलेली मण्यांची माळ. इथे ज्याला त्याला बोटांत मणी फिरवायची सवय, मला जरा जास्तच, कारण फिरवताना मनगट रुबाबदार दिसतं असा माझा समज आहे. आज त्याच खिशात सुटी बॅटरी टाकली. ट्रेवर तळलेले मासे, सिपुरोच्या बाटल्या, अड्डा भरलेला. आणि मांडीला चटका! आधी वाटलं प्रेमाचं काहीतरी असेल, कारण मिर्सिनी समोर बसली होती. मग धूर दिसला.

साखळीनं बॅटरीची दोन्ही टोकं जोडली होती.

ट्रे टाकला. पँट काढली. भर अड्ड्यात! बदकांची चड्डी. कोपऱ्यातल्या कोळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानं चिमट्यानं बॅटरी उचलून बाहेर फरशीवर फेकली, तिथे ती फुसफुसत राहिली. मिर्सिनीनं मला आत ओढत नेलं आणि मांडी नळाखाली धरली. किती तरी वेळ. ती हसत नव्हती.

"डबी दिली होती ना तुला बॅटरीची?"

"घरी आहे."

"घरी! डबी घरी आणि बॅटरी खिशात!" तिनं नळ आणखी सोडला. "मी गेल्यावर कोण बघणार रे तुझ्याकडे?"

मांडीवर साखळीचे डाग पडलेत, एकेक मणी मोजता येईल असे. डॉक्टर म्हणाला, जातील. जाऊ नयेत असं वाटतंय. मी बरा आहे ना डोक्यानं?

१४ सप्टेंबर

जमली! एकटा बसलो, कोणी बघायला नाही. सहा वेढे, आकडा खिळल्यासारखा स्थिर, लाली मधून बाहेर. कापूस असा भरला की ओढला तर कॉइल हलत नाही, पण कापूस सरकतो — ती म्हणते तसा. रस मुरू दिला. ओढली. अंजिराची चव! आज दिवसभर सिगारेटची आठवणच झाली नाही.

मिर्सिनीला दाखवायला उठलो आणि दारातच थांबलो. शिकवणी संपली की ती यायची कशाला?

परत बसलो. कॉइल काढली. वाकडी केली. पुन्हा बसवली.

१५ सप्टेंबर

"अरे, कालच्यापेक्षा वाईट!" म्हणाली. शेजारी येऊन बसली. माझ्या हातावर हात ठेवून तार ओढायला शिकवलं.

मी नीच आहे. उद्या कापूस बिघडवीन.

२१ सप्टेंबर

कोणाला सांगून पटणार नाही, पण सुरक्षित वाईट कॉइल बनवणं हे चांगल्या कॉइलपेक्षा अवघड काम आहे. दिसायला भिकार हवी, पण ओहम चुकता कामा नयेत, कारण ओढून बघते ती! तिला चटका बसला तर मी बंदरात उडी घेईन. म्हणून आधी सगळं बरोबर करतो, दोनदा तपासतो, मग वेढे विस्कटतो, पुन्हा तपासतो. इतकी मेहनत कॉलेजात केली असती तर आज आखेनला मीही निघालो असतो.

मामा मागे येऊन उभा राहिला. "पोरगी रोज येते. तू रोज नापास होतोस. भाच्या, तू खरंच ढ आहेस की माझ्यावर गेलास?"

"म्हणजे?"

"तुझ्या मामीला पटवताना मी तीन महिने पोहता येत नाही असं सोंग केलं होतं."

"मग?"

"मग काय! तिनं एक दिवस धक्क्यावरून ढकलून दिलं."

२५ सप्टेंबर

तिनं तिकीट पुढे ढकललं!!! बारा ऑक्टोबर!

"का गं?" विचारलं. आवाज चिरकला.

"तुला अजून कापूस भरता येत नाही म्हणून," म्हणाली आणि चिमटा पुसत बसली.

आज अड्ड्यावर सगळ्यांना माझ्याकडून ऑक्टोपस. मामा चिडलाय. चिडू दे.

२९ सप्टेंबर

आनंद ओसरला. आज बोलता बोलता म्हणाली, तिथे पंधरापर्यंत हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. आई घरी बोलत नाही तिच्याशी. मी म्हटलं, "मग बाराला तरी नक्की जाशील ना?"

तिनं खांदे उडवले. "बघू. तुझा हात कसा बसतो त्यावर."

म्हणजे मी रोज एक कॉइल बिघडवतोय आणि तिचं जर्मनी बिघडवतोय. एकदा वही आपटून मी माझं वाटोळं केलं, ते माझं होतं. हे तिचं आहे.

आज एकही वेढा विस्कटावासा वाटला नाही. तरी विस्कटला.

५ ऑक्टोबर

उद्या नीट बनवायची. तिच्यासमोर. ठरलं.

६ ऑक्टोबर

नाही बनवली. तिनं केस कापलेत.

७ ऑक्टोबर

बनवली.

ती समोर बसली होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. या वेळी माझी. तार गुंडाळली, स्क्रू आवळले, टोकं कापली, आकडा दाखवला. कापूस एका दमात. तिच्या हातात दिली. तिनं ओढली, धूर खिडकीकडे सोडला, पुन्हा एकदा ओढली.

"जमली की," म्हणाली.

"हो. आता तू जाऊ शकतेस. माझी काळजी नको."

किती मोठ्या मनाचा वाटलो मी स्वतःला! छाती भरून आली होती! ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

"आणखी काही सांगायचंय तुला?"

ते वाक्य दातांपर्यंत आलं. पण आता बोललो तर पुन्हा अडकवल्यासारखं होईल, नाही का? म्हटलं, "जर्मनीत थंडी असते. बॅटरी फार गार पडू देऊ नकोस."

बॅटरी!

ती उठली, बिल मागितलं. आजवर कधी मागितलं नव्हतं.

मामानं सगळं ऐकलं होतं. लसूण ठेचता ठेचता एवढंच म्हणाला, "ढच आहेस तू."

१२ ऑक्टोबर

सकाळी तिला अथेन्सच्या बसमध्ये बसवून दिलं. विमान रात्री उशिरा. हात हलवला. शहाण्यासारखा वागलो.

दुपारी फोन. बस वाटेत थांबली होती, मागे गाड्यांचा आवाज.

"लाझारे, मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. इतकी वाईट कॉइल इतक्या जपून कोणी बनवत नाही."

"मग येत का राहिलीस?"

"तिकीट मी तुझ्या कापसासाठी ढकललं असं वाटलं तुला? तू काहीतरी बोलशील म्हणून ढकललं होतं, गाढवा! आणि तू काय बोललास? बॅटरी!" रडत होती की हसत, कळलं नाही. फोन ठेवला.

मामाला एप्रन दिला. त्यानं तो स्वतःच बांधला.

बस स्टँडवर बसून लिहितोय. तिला थांब म्हणणार नाही. ते एक वाक्य सांगणार, आणि मग विमानात बसवून येणार.

बस लागली.