पांढऱ्यातलं पांढरं

आते, तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता अंधेरीला एका संशोधन संस्थेत नोकरी करते, आणि तिथे नेमकं काय करते हे घरात अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "ती उपग्रहात असते." तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, "मगे खाली उतरतंस कधी?" म्हणून तुलाच सांगावंसं वाटलं.

उपग्रह ध्रुवांवरून फेऱ्या मारतो आणि खालची छायाचित्रं घेतो. आमच्या शेजारच्या खोलीतली माणसं त्यांत अरबी समुद्रावरचे ढग बघतात. वादळ कुठे वळेल, पाऊस कधी सरकेल, हा अंदाज बांधणाऱ्यांना त्यांचं काम उपयोगी पडतं. माझ्या वाट्याला पार दक्षिण ध्रुवाकडचा समुद्र आला आहे. हल्ली आपली माणसं जहाजानं तिकडे जातात. निघण्याआधी त्यांना आधीच्या उन्हाळ्यांचा नकाशा लागतो, कुठे बर्फ होता, कुठे पाणी मोकळं होतं. तो छायाचित्रांवरून मी काढायचा. ऐकायला सोपं आहे. पण छायाचित्रात बर्फ पांढरा आणि त्याच्यावर आलेला ढगही पांढराच. ढगाला बर्फ समजलं तर मोकळी वाट बंद दाखवली जाते, आणि बर्फाला ढग समजलं तर... हे वाक्य माझ्याच्यानं मनातसुद्धा पुरं होत नाही. जहाजावर माणसं असतात.

मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. कुलूप लावून खाली उतरले की ओढून बघायला पुन्हा वर जाते. शाळेत पाठवलं तेव्हा उत्तर चुकेल या भीतीनं मी तोंडच उघडत नव्हते, म्हणून बाईंनी घरी पाठवलं, आणि पहिली दोन वर्षं तूच मला घाटकोपरच्या आपल्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याशी बसवून शिकवलंस. तू स्वतः गावाला चौथीपर्यंत शिकलेली. ताटात तांदळाचं पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढायला लावायचीस. चुकलं की तू ताट नुसतं हलवायचीस, पीठ सपाट व्हायचं. "बघ, गेला," म्हणायचीस. "परत काढ."

तर मी पहिला नकाशा काढला, त्यात जिथे जिथे शंका आली तिथे बर्फाच्या रेघा मारल्या. साहेबांनी तो उजेडात धरला. "बाई, यात जहाजाला शिरायला जागा कुठाय? हा समुद्र आहे का पोलिसांची नाकाबंदी?" बाकीची मंडळी हसली. साहेब नंतर मला एकटीला म्हणाले, "तुम्ही खोटं काही लिहीत नाही, ते मला आवडतं. पण सगळंच बंद दाखवलं तर नकाशा कशाला हवा? पुढच्या आठवड्यात दुसरा द्या. नाही जमलं तर मला तुम्हाला ग्रंथालयात घ्यावं लागेल. तिथेही माणूस हवाच आहे." शब्द मऊ होते, पण अर्थ कळला. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण डबा खाताना म्हणाली, "अगं, एवढी घाबरतेस कशाला? तू काय जहाज चालवणारेस?" मी म्हटलं, "तेच ना. चालवणारे दुसरे आहेत." ती म्हणाली, "झालं! म्हणजे वाट लागली तुझी," आणि तिच्या डब्यातली कोबीची भाजी माझ्या डब्यात घातली.

त्या दुपारी मला तू आठवलीस. मी सहा-सात वर्षांची आहे. रेशनचे तांदूळ आले आहेत, त्यात पांढरे खडे आहेत, आणि निवडायचं काम तू मला दिलं आहेस. मी एकेक दाणा चिमटीत धरते. जरा शंका आली की तो बाजूला टाकते. बाजूचा ढीग वाढत जातो. तू येऊन बघतेस आणि कमरेवर हात ठेवतेस. "गो चेडवा, खड्याच्या भियान तांदूळ टाकतंस? मगे खातलंस काय, सूप?" मी रडायच्या बेतात. तू खाली बसतेस, तो टाकलेला ढीग सुपात घेतेस आणि हलकेच घोळतेस. तांदूळ सरसर पुढे जातो. खडा जड, तो मागेच राहतो. "एका जाग्यार धरून बघशीत तर सगळाच पांढरा," तू म्हणतेस. "हलव, मगे बघ."

मी एक छायाचित्र घेऊन तासन्तास डोळे फोडत होते, आते. त्या दुपारी लागोपाठच्या दिवसांची छायाचित्रं काढली, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवली, आणि वरचं उचलून पुन्हा ठेवत राहिले. ढग सरकत होते. बर्फही सरकतो, पण सावकाश. तो एका दिवसात उठून जात नाही. आमच्यातल्या जुन्या माणसांना ही रीत ठाऊकच होती, मलाही शिकवली होती, पण भीतीपोटी मी एकेक दाणा चिमटीत धरून बसले होते. आठवडाभरात नकाशात पाणी दिसायला लागलं. एका खोबणीसारख्या जागी मात्र पांढरं काही हलेचना. तिथे मी लिहिलं, "इथले सांगता येत नाही."

साहेबांनी विचारलं, "एवढ्याच ठिकाणी?"

"एवढ्याच."

"मग करा सही."

आणि हात थांबला. कारण मला दुसरा एक दिवस आठवला. मीच निवडलेल्या तांदळाचा भात. बाबा गिरणीतून दुसरी पाळी करून आलेले, पहिल्याच घासाला कट्कन आवाज झाला आणि त्यांच्या दाढेचा तुकडा पडला. "कोणी निवडले हे?" ते ओरडले. तू कढईवरची नजर न काढता म्हणालीस, "मी. माझ्याकडसून खडो रवलो." बाबांनी तो तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. मला खोटं बोलल्याबद्दल तू एकदा उपाशी ठेवलं होतंस, आणि इतकं सहज खोटं बोललीस, हे कितीतरी वर्षं मला खुपत राहिलं. मी दुसऱ्या दिवशी सुपाच्या जवळही गेले नाही. तूच ते आणून माझ्या मांडीवर ठेवलंस. "काल रवलो, म्हणान आज तुझ्याच हातचा," एवढंच म्हणालीस आणि भाजी चिरायला गेलीस.

मी सही केली. नोकरी राहिली. जहाज गेलं, पोचलं. माझ्या नकाशाचा त्यांना किती उपयोग झाला ते मला कळणार नाही. शेवटी तिथे ते आपल्या डोळ्यांनी बघूनच पुढे जातात. पण ते पोचल्याचं कळलं त्या दिवशी मैत्रिणीनं सगळ्यांना चहा पाजला, माझ्या नावावर.

हे सगळं लिहून झालं तरी मूळ सांगायचं राहिलंच होतं, ते हे. तुझ्यामागे आता तांदूळ आई निवडते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, पण दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नाही. आज रविवार, सगळे जेवायला बसलो होतो. माझ्या दाताखाली खडा आला, चांगला मोठा. आईनं आवाज ऐकला. हातातला चमचा तसाच धरून तिनं विचारलं, "काय गं? खडा?"

मी, जी शंका आली तर नकाशात तसं लिहिल्याशिवाय रेघ पुढे नेत नाही, ती म्हणाले, "नाही गं. जीभ चावली." आणि तिनं वाढलेला भात पुन्हा घेतला.