हातानं तोललेली बॅटरी

बाबा, गेल्या महिन्यात मी एक बॅटरी विकत घेतली आणि ती निवडताना तुमचा हात वापरला. तुमच्या हातानं मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. रागावू नका. चूक हाताची नव्हती, तो मी जिथे चालवला त्या जागेची होती.

ही बॅटरी तुमच्या टॉर्चमधल्या सेलांसारखी नाही. आता प्रत्येकाच्या खिशात एक फोन असतो, बिनतारेचा, आणि तो रोज विजेवर भरावा लागतो. घरी त्याचं काही वाटत नाही, भिंतीला लावला की भरतो. पण रेल्वेच्या डब्यात फोन लावायची जागा थोडी आणि माणसं फार, तिथे आपल्याआधी कुणाचा तरी फोन लटकलेलाच असतो. म्हणून लोक सोबत एक चपटी डबी ठेवतात. तिला पॉवर बँक म्हणतात. घरून भरून न्यायची आणि वाटेत तिच्यातून फोनमध्ये वीज घ्यायची, घागरीतून लोट्यात पाणी घ्यावं तशी. मला ती हवी होती कारण तुमची सून किती वर्षांपासून जगन्नाथपुरी म्हणत होती, आणि मी दरवर्षी काहीतरी कारण काढत होतो. कधी संत्र्याला बहार धरलाय, कधी मजूर नाहीत, कधी मायचे गुडघे. खरं कारण तिला माहीत होतं, पण तिनं कधी तोंडावर म्हटलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी संत्र्याच्या ट्रकसोबत कानपूरला होतो. पंचवीस वर्षं होत आली. निघताना तुम्ही पांढुर्ण्याच्या मंडीत ट्रकच्या फळीवर थाप मारून म्हणालात, "पोहचला का कळवजो," आणि मी मान हलवून "हाव" म्हटलं. कळवायचं कशावर, हे दोघांनीही विचारलं नाही. परत आलो तेव्हा तुम्हाला जाऊन तिसरा दिवस झाला होता. दारात मायनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत जाऊन पाणी आणलं. त्यानंतर नागपूरच्या पलीकडे मी मुक्कामाला गेलो नाही. फोन आले, सगळ्यांकडे झाले, तरी मी गेलो नाही. आता माय अठ्ठ्याहत्तरची आहे, गावी, रामाकोन्याच्या घरातच असते. मी दूर असलो आणि नेमका तेव्हाच फोन विझलेला असला तर? हा एकच प्रश्न मला दरवर्षी घरी बसवायचा.

या वर्षी मायनंच विषय काढला. ती भाजी निवडत होती. "तुम्ही दोघं पुरीले काहून जाऊन नाही राहिले?" म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याजवळ कोण राहील. "तुही ताई येईन सासरहून. अन मी काही उद्याच मरून नाही राहिली. मरायचं असन तं तू वापस आल्यावर मरीन, झालं?" तुमची सून आतून हसली. दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली आणि मी त्या डबीच्या मागे लागलो.

मंडीजवळच्या बाजारात एकानं गाड्यावर अशा डब्या मांडल्या होत्या. मी तिथे उभा राहिलो आणि एकेक डबी तळहातावर घेऊ लागलो. तेव्हा मला आपला मळा दिसला. मी नऊ-दहा वर्षांचा आहे, झाडाखाली तोडलेल्या संत्र्यांचा ढीग आहे आणि तुम्ही मला पहिल्यांदा फळं निवडायला बसवलंय. मी रंग पाहून पाहून फळं चांगल्या ढिगात टाकतोय आणि स्वतःवर खूश आहे. तुम्ही मागून येता, माझ्या ढिगातलं सर्वात मोठं, सर्वात केशरी संत्रं उचलता आणि माझ्या हातावर ठेवता. "हात आहे का तुले का नुसते डोळेच आहेत?" मग एक लहानसं, हिरवट संत्रं दुसऱ्या हातावर. "आता सांग." लहान फळ जड होतं. मोठ्याची साल सुटलेली होती, आत सगळी हवा. "हलकं लागलं का समजाचं, आत काही नाही. लोक रंगाले फसतेत, आपण नाही फसाचं." सगळ्या मजुरांदेखत म्हणालात. मी रडलो नाही, पण त्या दिवसापासून माझे डोळे दुय्यम झाले. टरबूज, नारळ, कुलूप, पाण्याचा पितळी गुंड, काहीही घेताना आधी हात.

तर मी सर्वात जड डबी घेतली. विटेचा तुकडा असावा तशी. वर, आत किती वीज मावते त्याचा, पन्नास हजार असा आकडा छापला होता. गाडेवाला म्हणाला, "भाऊ, माल भरून आहे अंदर, हात में ही पता चलता है ना." तो बरोबर माझ्याच भाषेत बोलला. घरी तुमच्या सुनेनं ती उचलून पाहिली. "अवो, हे पुरीले न्यायचं आहे का पुरीहून आणलेला गोटा आहे?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. तिला कळत होतं. हलकी आण, पिशवी शेवटी माझ्याच खांद्यावर येते, हे ती आधीपासून सांगत होती.

निघण्याआधी परीक्षा म्हणून आम्ही एका शनिवारी सकाळी सौंसरहून जामसांवलीच्या मारुतीला पायी निघालो. डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात. अर्ध्या वाटेवर खिसा इतका ओघळला की सदरा एका खांद्यावरून घसरू लागला, आणि मी डावा हात छातीवर दाबून चालत होतो. समोरून येणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, "भाऊ, छातीत दुखून राहिलं का? बसा बाप्पा जरा." तुमची सून रस्त्याच्या कडेला बसली, ती हसण्यासाठी. देवळात पोचलो तोवर फोन उतरला होता. डबीला लावला तर अर्धाही भरला नाही आणि डबीचा दिवा गेला. मी त्या पहुडलेल्या मारुतीपुढे हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. खिशातलं ते जड काहीतरी बरगडीला टोचत होतं. पुरीला जाऊच नये, असं तेव्हा पुन्हा मनात आलं. तुमच्या सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

सोमवारी मी ती डबी पांढुर्ण्याला मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात नेली. दुकान एक बाई चालवते, तिशीची असेल, तिच्या माहेरीही संत्र्याचीच बाग. तिनं बारीक पेचकसानं डबी उघडली आणि माझ्याकडे फिरवली. आत एका कोपऱ्यात दोन बारकेसे सेल आणि बाकी जागेत चिकटवलेली लोखंडाची पट्टी. "काका, हे वजनासाठी टाकतेत," ती म्हणाली. "हातात घेऊन पाहणारे गिऱ्हाईक असतेत ना, त्यांच्यासाठी." बाबा, तुम्ही मला ढिगापुढे बसवून जे शिकवलं, ते कोणीतरी आधीच ओळखून ठेवलं होतं आणि त्याच्या मापाचं लोखंड कापून ठेवलं होतं. मला हसू आलं. ती बाईही हसली, पण जपून.

मग तिनं तिच्याकडची डबी काढली. तळहाताएवढी, सडपातळ, दोन संत्र्यांपेक्षाही हलकी. माझ्या हातानं लगेच सांगितलं, पोकळ आहे. वर दहा हजार लिहिलेलं होतं. तिनं खालचा बारीक अक्षरांतला दुसरा आकडा दाखवला, त्याहून बराच कमी. "फोनले मिळन ते हे. वरचा आकडा म्हणजे सालीसकट वजन, हा गराचा. तुमचा फोन एक खेप पुरा भरन, दुसऱ्या खेपेले थोडा कमी. ज्याच्यावर हा खालचा आकडा लिहून नाही, ते घेऊच नका. अन विमानात बी नेता येते ही." मी म्हटलं, विमानात कोण चाललं आहे. ती म्हणाली, "आज पुरी, उद्या कोणं पाहिलं काका." आठ दिवस वापरून पाहा, नाही पटली तर आणून द्या, या बोलीवर मी ती घेतली. आठही दिवस ती बरोबर चालली. तरी माझा हात मानेना.

शेवटी मी ती मायच्या हातावर ठेवली. तिनंही तुमच्या ढिगापुढे जन्म काढला आहे. तिनं दोनदा वरखाली केली. "हलकी आहे," म्हणाली. मी म्हटलं, तेच तर. "मंग तुले न्यायची आहे का खायची आहे?" तिनं ती परत माझ्या हातात दिली. "तुहा बाप जामसांवलीले जाये तं झाडाखाली एवढा माल पडून राहे, एक तरी संत्रं घे का सोबत? फुटाणे बांधे धोतरात. म्हणे, वाटेनं पोटात घ्यावं, खांद्यावर नाही." हे मी दर शनिवारी पाहिलं होतं, बाबा. फुटाण्यांची ती गाठ मला अजून दिसते, त्यातले निम्मे मीच खायचो. पण ते तुम्ही कधी रागावून शिकवलं नाही, म्हणून शिकवण्यात धरलंच नाही मी.

हे मी पुरीहून लिहितो आहे, धर्मशाळेच्या ओसरीवर बसून. दुपार आहे. तुमची सून समुद्रावरून आणलेले शिंपले धुते आहे. गाडीत एक दिवस, एक रात्र आलो. फोन लावायची जागा एका फौजीनं धरली होती, ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही, आणि मला तिची गरज पडली नाही. दर स्टेशनावर मायला फोन केला. शेवटी ती वैतागली, "गाडी तू चालवून राहिला का ड्रायवर?"

आणि आज सकाळी देवळाच्या दारात कळलं की आत फोन नेता येत नाही. बॅटरीही नाही. दोन्ही खिडकीवर जमा करायचं आणि टोकन घ्यायचं. इतका शोध, इतकी पारख, आणि हातात राहिलं एक टोकन. मी रांगेतून बाजूला झालो. तुमची सून म्हणाली, "तुम्ही जाऊन या आधी, मी फोन धरून बसते. मंग मी जाईन." पाच वर्षं वाट पाहिलेली बाई हे म्हणत होती. मी तिच्या हातातून पिशवी घेतली, फोन बंद केला आणि दोन्ही वस्तू खिडकीवर ठेवल्या.

बाहेर आलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. फोन चालू केला, तर मायनं तीनदा फोन लावल्याचे निरोप आले. लगेच तिला लावला, तर ती म्हणाली, "काही नाही रे. फोन बंद लागला, मी समजली, आत गेले असान. ताईले म्हटलं, झालं वाटते दर्शन. झालं ना?"

झालं, बाबा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून एक लिहून ठेवतो. त्या दोन तासांत मला फोन आठवला नाही. माय आठवली नाही. तुम्हीही आठवला नाहीत.