बर्फातला ठसा आणि आईचा सभासद क्रमांक

बाबा,

गेल्या महिन्यात सिंदेवाहीला जाऊन आले. वरोऱ्याहून बस बदलत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि आई आणि तुम्ही गेल्यावर तिथे आपलं म्हणावं असं कुणी राहिलेलंही नाही. पण वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. सत्तरी ओलांडली तरी त्यांनी वाचनालय सोडलेलं नाही. जागा बदलते आहे, फाटकी पुस्तकं रद्दीत चालली आहेत, असं सांगत होत्या. ‘तुह्या बाबाचं पुस्तक मी बाजूले काढून ठेवलं हाये. येऊन मागचे पानं वाचून जाय एकदा.’ त्यातल्या एका पानावर काय लिहिलेलं आहे हे मला सव्वीस वर्षं पाठ होतं.

बाईंची ती पद्धत तुम्हाला आठवत असेलच. नवीन पुस्तक आलं की त्या दाभण घेऊन बसायच्या आणि शेवटी चार कोरी पानं शिवून टाकायच्या. वाचून झालं की वाचकाने तिथे आपलं मत लिहायचं. नाव लिहायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. नाव लिहिलं की माणूस गोड गोड लिहितो, असं त्यांचं म्हणणं. गाव एवढंसं, लेखक मुंबई-पुण्याचे, त्यामुळे कुणाला कशाची भीती नव्हती. गावातल्याच माणसाचं पुस्तक तिथे येईल असं त्यांच्या तरी डोक्यात कुठे होतं.

तुमचं आलं. वनरक्षकाने कादंबरी लिहिली, तीही खुनाची, आणि तीही पार उत्तरेतल्या बर्फाळ रानातली, जिथे सहा महिने रस्ता बंद असतो. तुम्ही नागपूरच्या वर कधी गेला नव्हतात. बर्फ पाहिला तो रसवंतीवाल्याच्या लाकडी पेटीतला. नागपूरच्या ज्या छापखान्यात पुस्तक छापलं तिथल्या चित्रकाराने तर कमालच केली होती, मुखपृष्ठावरच्या देवदारांना चक्क सागाची पानं काढली होती. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. वर्गातल्या मुली म्हणायच्या, ‘तुह्या बाबाच्या बर्फात वाघ पन हाये का वं?’ आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे. घरी येऊन तुमच्याशी धड बोलायचे नाही. तुम्हाला वाटायचं, अभ्यासाचा ताण असेल.

आता तो प्रसंग लिहिते. कादंबरीतला तुमचा चौकीदार बर्फात खुन्याच्या बुटाचा ठसा शोधतो, त्याच्याभोवती पत्र्याची पट्टी लावतो, प्लास्टर कालवून ओततो आणि थोड्या वेळाने ठसा अलगद उचलून घेतो. पुढचं सगळं रहस्य त्या ठशावर उभं. वाघांच्या गणनेत तुम्ही दर उन्हाळ्यात पाणवठ्यावर जे करायचात तेच तुम्ही त्याला करायला लावलं होतं. आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याच आठवड्यात प्लास्टरचा धडा झाला होता. पाणी घातलं की प्लास्टर जमताना तापतं. म्हणजे बर्फ वितळणार, ठसा जाणार, आणि खुनी मोकळा सुटणार. मला कोण आनंद झाला. आईच्या नावाचं कार्ड होतं, दुसरं पुस्तक घरी आणता यावं म्हणून तुम्हीच काढलेलं. त्या कार्डाचा क्रमांक टाकून मी डाव्या हाताने लिहिलं: ‘प्लास्टर जमताना गरम होते हे लेखकाला माहीत नाही. बर्फात असा ठसा मिळूच शकत नाही. सगळी कादंबरी खोटी आहे. ज्याने बर्फ पाहिला नाही त्याने आपल्या जंगलाबद्दल लिहावे, नाहीतर लिहू नये.’

प्लास्टर गरम होतं हे मला त्या धड्याच्या खूप आधीपासून माहीत होतं, बाबा. मी सहा-सात वर्षांची असेन. अंगणात तुम्ही वाघाच्या पावलांचे ठसे वाळत घातले होते, आणि एक ओला गोळा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला होतात, ‘धरून पाय. ताप आल्यावानी लागते ना?’ मी दचकून हात मागे घेतला तेव्हा तुम्ही किती हसला होतात. मी पुढे रसायनशास्त्र घेतलं, आज कॉलेजात तेच शिकवते, त्याचं मूळ त्या गोळ्यात आहे. आणि तोच मी तुम्हाला फेकून मारला.

त्यानंतर तुम्ही लिहिलं नाही. फुलस्केप कागदांचा गठ्ठा माळ्यावर गेला. बारावीच्या परीक्षेला तुम्ही तुमचं शाईपेन माझ्या हातात दिलंत, ‘मले आता काई लिवाचं नाई, तूच लिव,’ म्हणालात. मला ते पेन धरवत नव्हतं. पेपर मी बॉलपेननेच लिहिले. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तेव्हापासून कुणी ‘तुमचे बाबा लिहायचे ना’ असं म्हटलं की मी विषय बदलते. माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही. त्या चार वाक्यांनी मी तुमचं लिहिणं बंद पाडलं, एवढंच मनात धरून मी इतकी वर्षं काढली.

तर मी गेले. बाईंनी चहा दिला आणि पुस्तक पुढ्यात ठेवून स्वतः कपाटं पुसायला लागल्या. मी मागून उघडलं. पहिलंच मत कुणा गृहस्थाचं: ‘एका बैठकीत वाचले. दोन पाने चहाने चिकटली, क्षमस्व.’ त्याखाली, ‘बर्फाच्या मुलखातले लोक सकाळी आंबील कसे पितात हे कळले नाही, तरी आवडले.’ एका गुरुजींनी शुद्धलेखनाच्या चुका पानांच्या आकड्यांसकट दिल्या होत्या. मग मोठ्या, अवघडलेल्या अक्षरात: ‘मी बर्फ पायला नाई. पन जंगलात एकट्या मानसाले मागून कोनी येऊन राह्यलं असं वाटते, ते बराबर लिवलं हाये. लिवनारा एकटा राह्यला असन.’ तुम्ही वर्षानुवर्षं चौकीवर एकटे राहायचात, आणि तिथे कसं वाटतं हे मी तुम्हाला कधीच विचारलं नव्हतं.

त्याखाली माझं होतं, आणि माझ्याखाली तुमचं. तुमचं ते तिरपं, घाईतलं अक्षर मला लगेच ओळखू आलं. ‘प्लास्टरबद्दल वाचक म्हणतात ते खरे आहे. बर्फाची लादी आणून करून पाहिले. ठसा राहत नाही. ही चूक माझी. वाचकाने पुस्तक इतके मन लावून वाचले याचा आनंद वाटला. – लेखक.’

म्हणजे तो दिवस तो होता. मी कॉलेजातून आले तेव्हा अंगणात ओलं पोतं, भुसा आणि पाण्याचं थारोळं, आणि त्यात तुम्ही एका पायात बूट घालून उकिडवे बसलेले. मी विचारलं तर म्हणालात, ‘काई नाई वं, जरासं काम होतं.’ मला वाटलं, ऑफिसचं काही असेल. एवढ्या उन्हात तुम्ही बर्फाची लादी सायकलवरून आणलीत, ती कुटून त्या चुऱ्यावर बुटाचा ठसा उठवलात, त्यात प्लास्टर ओतलंत आणि तो डोळ्यांदेखत जाताना पाहिलात. तेही एका अनोळखी वाचकाचं खरं की खोटं ते बघायला.

अनोळखी कसला. मी बाईंना विचारलं, कुणी लिहिलं ते बाबांना कळलं होतं का. बाईंनी फडकं खाली ठेवलं. ‘आकडा पायला अन् हसत सुटले ना. म्हन्ते, बाई, हे तं माह्या मंडळीनं लिवलं. अन् तिले तं सही करता येते फक्त.’ मग फडकं पुन्हा उचलत म्हणाल्या, ‘पोरगी सायन्सले हाये म्हनून सांगत होते, जो येईन त्याले.’

मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायला मी खरं तर गेले होते: बाबांनी लिहिणं का सोडलं? त्या म्हणाल्या, ‘लिवनं? ते तं पुस्तकाची पह्यली प्रत घेऊन आले त्याच दिवशी बोलले होते. मी म्हटलं, भाऊ, आता दुसरं कधी? तं म्हन्ते, एकच होतं पोटात. पानवठ्यावर जो मेलेला मानूस मले सापडला होता, अन् कोनाचाच पत्ता लागला नाई, तोच बर्फात नेऊन ठेवला. इथलं लिवलं असतं तं नोकरी गेली असती. आता झोप लागते मले.’

पहिली प्रत आणली त्या दिवशी. माझ्या चार ओळींच्या कितीतरी आधी. मी ते बाईंना दोनदा विचारून घेतलं. त्या वैतागून म्हणाल्या, ‘काऊन वं, खोटं बोलीन का मी?’ मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच बाकावर बसून रडले आणि मग दोन वेळची उपाशी असल्यासारखी त्यांच्या घरी जेवले. वरण-भात आणि वांग्याची भाजी. बाई वाढत राहिल्या, मी नको म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर बस बदलल्यावर, बाईंनी दिलेलं पुस्तक मांडीवर ठेवून, मी खिडकीला डोकं टेकून जी झोपले ती वरोरा आल्यावर कंडक्टरने उठवलं तेव्हाच जागी झाले.

तुम्हाला त्या माणसाने किती वर्षं झोपू दिलं नाही कोण जाणे. आमच्याजवळ तुम्ही त्याचा शब्दही काढला नाहीत. आता कळतंय की बर्फ तुम्ही हौसेने निवडला नव्हता, आणि पेन दिलंत तेव्हा ते माझ्यावर रागावून दिलं नव्हतं. माझ्यावर हसलात, कौतुक केलंत, आणि मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिलात. जरा रागावला असतात तर बरं झालं असतं असंही वाटतं. मी पाया पडले असते आणि सव्वीस वर्षं वाचली असती. पण ही तक्रार आता फार लावून धरत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं कबूल करून टाकते. माझ्याबद्दलचं तुमचं एकच वाक्य चुकलं. मी पुस्तक मन लावून वाचलं नव्हतं. ठशाच्या पानापर्यंत आले, चूक सापडली आणि मिटून टाकलं. पुढचं सगळं मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. शेवटची दहा पानं उरेपर्यंत मला डॉक्टरचाच संशय होता, बाबा. खुनी मला ओळखता आला नाही.