बंद घड्याळाची टिकटिक

ती. मामांना साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आणि तुमचा खोकला सध्या मुकाट असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे, फक्त मी घाबरलोय. (हे हिला कळवू नका. तिला ते माहीत आहे, पण तिला माहीत आहे हे मला माहीत नाही, असं आमचं चाललंय.)

महिनाभर झाला, गिऱ्हाईक डाव्या बाजूने बोललं की मी नुसता हसतो. गेल्या आठवड्यात लंबकाचं एक घड्याळ दुरुस्त झालं म्हणून देऊन टाकलं, तर त्याची टिकटिक लंगडतेय हे गिऱ्हाइकाने येऊन मला ऐकवलं. मला! (तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला!) शेवटी हिने कान तपासायला नेलं. तिथल्या बाईंनी जाड दाराच्या एका खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी दाबत सुटलो. थोड्या वेळाने त्या दार उघडून म्हणाल्या, "अहो, मी अजून काही सुरूच केलं नाहीये." मी हसून मनगट पुढे केलं, म्हटलं, ह्याची टिकटिक, धंद्याची खोड, दुसरं काय. बाईंनी घड्याळ नीट पाहिलं. चावी द्यायला विसरल्यामुळे ते सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनीच बंद पडलं होतं. मामा, टिकटिक अजून चालू होती.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मज्जातंतूला निरोप देतात. मेंदूही उलट कानाला निरोप धाडतो, जरा बेताने ऐक म्हणून. माझ्या डाव्या कानाकडून निरोप येईनासे झालेत, तेव्हा मेंदू बहुधा स्वतःच टिकटिक बनवत बसलाय. "ह्या निरोपांत न्यूरोपेप्टाइड नावाच्या रसायनांचाही हात असतो," ते म्हणाले. मला ऐकू आलं, "नवरोबा टाइट." मी उसळून सांगितलं की जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही! ही हसता हसता रडायला लागली, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. कान गेला तर मी दुकान उघडून करू काय?

बाकी काळजी नसावी.

तुमचा भाचा

ता. क. "कंटाळा आला" म्हणून तुम्ही दुकान माझ्या हवाली केलंत. खरंच कंटाळा होता, की हेच? खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही.

ता. क. (आणखी एक) उत्तर पत्रानेच द्या. परवा फोनवर आपण अर्धा तास एकमेकांना "हो, हो" म्हणत होतो. मी काय कबूल केलं ते मला ठाऊक नाही. तुम्हाला तरी ठाऊक आहे का?