अक्षरं उडाली की दगड जड होतो

पिस्कॅटवे,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

कसा आहेस? नीनावहिनी कशी आहे? आम्ही बरे आहोत. इथे थंडी सुरू झाली. आई अजून हीटिंग लावू देत नाही, म्हणते थँक्सगिव्हिंगपर्यंत स्वेटर घाला. पार्किंगमधल्या झाडाची पानं सगळी आपल्याच गाडीवर पडतात.

पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू विचारतोस, "रुचा, तुला काय वाटतं?" आणि माझं तोंडच उघडत नाही. शाळेतही तसंच व्हायचं, तुला माहितीये. आणि हे इंग्लिशमध्ये टेक्स्ट करून सांगता येणार नाही. मराठी लिहायला मला बाबांनीच शिकवलं, रविवारच्या मराठी शाळेत.

तुझ्या प्लेनोच्या नव्या घराचे फोटो पाहिले. मस्तच आहे. आईला खोली, मला खोली, मी परत अभ्यास करायचा, आणि बाबांसाठी ती मेमरी केअरची जागा, जिथे सगळं विसरलेल्या म्हाताऱ्यांना ठेवून सांभाळतात, ड्राइव्ह करून वीस मिनिटं. तू सगळा विचार केलायस. आई तुला "बघू" म्हणते आणि फोन ठेवला की भांडी जोरात आपटते.

बाबा जेवतात. दूधपोळी आवडते आता. एवढी वर्षं युनिव्हर्सिटीत मॅथ्स शिकवलं, आणि आता चमचा कुठल्या बाजूने धरायचा ते मला बघून ठरवतात. हे आई तुला सांगत नसेल.

मागच्या आठवड्यात त्यांच्या हातून देवघरातला संगमरवरी गणपती पडला. सोंड तुटली. आई म्हणाली, "खंडित मूर्ती घरात नको. नदीत सोडून ये." टॉवेलात गुंडाळून निघाले तर लॉबीत मिस्टर हॅल्पर्न. आपल्या खाली राहतात ते ज्यू आजोबा, शाळेत धर्म शिकवायचे. बाबा बरे असताना दोघं बाकावर बसून तासन्‌तास वाद घालायचे, आठवतं?

"टॉवेलात बाळ आहे का?" म्हणाले.

"देव आहे. तुटलाय. पाण्यात सोडायचाय."

"हं. आणि वडील?"

मला एकदम रडूच आलं. लॉबीत, सगळ्यांसमोर. त्यांनी मला बसवलं आणि सांगत बसले. देवाने मोझेसला दगडाच्या दोन पाट्या दिल्या, त्यावर देवाने स्वतः लिहिलेलं. मोझेस डोंगर उतरून आला तर लोक सोन्याच्या वासराची पूजा करतायत. त्याने पाट्या फोडल्या. मग देव म्हणाला, आता नवीन दगड तू घडव, मी परत लिहितो.

"रागाने फोडल्या?" मी विचारलं.

"काही रबाय म्हणतात, रागाने. रबाय म्हणजे आमचे शास्त्री. दोघं भेटले की तीन मतं. पण काही म्हणतात, वासरू दिसलं आणि दगडावरची अक्षरं उडून गेली. तोपर्यंत त्या अक्षरांनीच दगड उचलून धरला होता. ती गेली आणि दगड इतका जड झाला की हातातून सुटला."

दादा, रोज आंघोळीला बाबांना मी उठवते ना. डॉक्टरकडच्या काट्यावर त्यांचं वजन कमी झालंय. माझ्या हातांना ते रोज जास्त जड लागतात.

मग मी विचारलं, "तुटलेल्या पाट्या नदीत सोडल्या का?"

"छे! नवीन पाट्या ज्या पेटीत ठेवल्या, त्याच पेटीत ते तुकडे. जिथे गेले तिथे दोन्ही बरोबर घेऊन गेले. त्यावरून आमचे लोक सांगतात, एखादा शिकलेला म्हातारा स्वतःची काही चूक नसताना सगळं विसरला, तर त्याला जपा. तो पण त्या पेटीतलाच."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं त्यांच्याकडे. आपल्याकडे मूर्ती भंगली की देव त्यातून गेलेला असतो. म्हणून सोडायची." तेही खरंच असेल. मी परत निघाले, नदीवर जाऊन नमस्कार केला, मूर्ती हळूच सोडली. पण येऊन विचारलं, "बाबांमधून बाबा गेलेत, हे कोणी ठरवलं?"

"शाळा सोडलेली पोर मला प्रश्न विचारते," म्हणाली, आणि बाबांची पोळी कुस्करायला बसली. किती वेळ कुस्करत होती.

तुला वाटतं बाबा तुला विसरले, म्हणून फोनवर बोलत नाहीत. तसं नाहीये. त्यांना वाटतं तू इथेच आहेस. ते मला अमेय म्हणतात. "अमेय, होमवर्क झालं?" मी म्हणते, "हो बाबा." "शाब्बास." एकदा मी विचारलं, रुचा कुठंय? म्हणाले, "कोण? कामाला येते ती?"

मी तेव्हापासून विचारत नाही.

तुला दोष देत नाहीये, खरंच. त्या जागेतली माणसं चांगलीच असतील. आणि मला एकटीला बाबा आता पेलत नाहीत, हे पण खरंय. काल मिस्टर हॅल्पर्नना विचारलं, ती पेटी मोझेस एकटाच उचलायचा का? "वेडी आहेस का? दांडे होते तिला. माणसं खांद्यावर घ्यायची."

तुझ्या घरात खाली ऑफिस रूम दिसली फोटोत. ती बाबांना दे ना. बाकी सगळं मी करेन, तू फक्त सकाळी एक बाजू धर. वहिनीला विचार. तिने नाही म्हटलं तरी मी रागावणार नाही.

पण मग त्यांना त्या मेमरी केअरच्या जागेत पोचवायला तू जा, दादा. मला सांगू नकोस. मी त्यांना सोडून दारातून बाहेर पडले, तर त्यांना वाटेल, अमेय सोडून गेला.

तुझी, आणि सध्या तुझ्या नावाला ओ देणारी,
रुचा